हिच्यासारखीच दुसरी

१६ मार्च २०२३ ला हरियाणातल्या कर्नालमध्ये, राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत, ३२ किलो वजनाची एक कालवड जन्मली. तिचं नाव ठेवलं गंगा. तिची जनुकं एका गीर गाईच्या शेपटीजवळच्या पेशीतून घेतलेली, अंडपेशी साहिवाल गाईची आणि नऊ महिने पोटात वागवणारी गाय तिसरीच, संकरित. बाप नाहीच. क्लोन केलेली ही देशातली पहिली गीर कालवड.

सांगोला तालुक्यातल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी त्या बातमीचं कात्रण जपून ठेवलं, कारण त्यांच्या दावणीला एक पंढरपुरी म्हैस आहे. खांद्यांच्याही मागे गेलेली लांब शिंगं, सात वेतं झालेली, कासेला कधी दगडी नाही, ऐन उन्हाळ्यातही माज चुकत नाही. दोन्ही वेळचं मिळून बारा लिटर दूध. एरवी पंढरपुरी म्हशीकडून याच्या निम्मं मिळालं तरी मालक समाधानी असतो. पण सात वेतांत पाच रेडे झाले आणि ज्या दोन पारड्या झाल्या त्या आईवर गेल्या नाहीत. म्हैस आता उतरणीला लागली आहे.

त्यांची भाची पशुवैद्य. पशुप्रजननशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, भ्रूण प्रत्यारोपणाच्या प्रयोगशाळेत काम करणारी. ती दिवाळीला आली तेव्हा कात्रण बाहेर निघालं. डॉक्टर झालेली भाची उत्साहानं पुढचा रस्ता दाखवील आणि गोठ्यात आयुष्य गेलेले मामा बिचकतील, असं घरच्यांना वाटलं होतं. झालं उलटंच.

"मला हिची लेक नको, हीच पाहिजे," मामा म्हणाले. "लेकीत निम्मा बाप येतो. आणि तो बाप कसला निघाला, हे लेक व्याल्यावर कळतं. तोवर चार-पाच वर्षं गेलेली असतात."

"हीच मिळणार नाही, मामा. मिळाली तर हिची जुळी बहीण मिळेल, पंधरा वर्षं उशिरा जन्मलेली."

"जुळी चालेल की."

"जुळी दिसायलाही तशीच असेल असं नाही." भाचीनं टेक्सासमधल्या मांजरीची गोष्ट सांगितली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ ला जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली. तिचं नाव सीसी. जिच्या पेशीपासून ती केली ती रेनबो अंगावर काळे, नारिंगी आणि पांढरे डाग असलेली. सीसीच्या अंगावर नारिंगीचा मागमूस नव्हता. मादीच्या प्रत्येक पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद असतं. रेनबोच्या ज्या पेशीतून सीसी घडली, तिच्यात नारिंगी रंगाचं जनुक असलेलं गुणसूत्र बंद होतं आणि ते बंदच राहिलं. जनुकं तीच, मांजर वेगळी.

"मला रंगाचं काय करायचंय? म्हैस काळीच असते," मामा म्हणाले. "दुधाचं बोल."

"दुधाचंच बोलते. दोन म्हशींच्या दुधात जो फरक पडतो, त्यातला साधारण चौथा-तिसरा हिस्सा जनुकांचा. बाकीचा चाऱ्याचा, पाण्याचा, रोगराईचा आणि मालकाचा. तुम्ही पहाटे चारला उठून आंबोण करता, ते पेशीत कुठे उतरतंय?"

मामांना हे मान्य नव्हतं. त्यांनी अर्जेंटिनातल्या पोलोच्या घोड्या काढल्या. अदोल्फो काम्बियासो हा तिथला नामवंत खेळाडू. कुआर्तेतेरा नावाच्या त्याच्या घोडीचे क्लोन केले गेले. डिसेंबर २०१६ मध्ये ब्यूनस आयर्समधल्या पालेर्मोच्या मैदानावर अंतिम सामन्यात तो एकापाठोपाठ तिच्या सहा क्लोनवर बसून खेळला आणि त्याचा संघ जिंकला. "घोडी पळण्यातही खुराक असतो, सराव असतो, मोतद्दार असतो. तरी सहाच्या सहा मैदानात उतरल्याच ना? मालक पहाटे उठतो म्हणून प्रत्येक म्हैस बारा लिटर देत नाही. ही देते. हिच्यात काहीतरी आहे."

"आहे. ते मी नाकारत नाही. प्रश्न ते बाहेर काढायला काय मोजावं लागतं, हा आहे."

आणि तिनं प्रयोगशाळेतलं काम सांगायला घेतलं. कर्नालला रुळलेली पद्धत महागड्या सूक्ष्मयंत्रांशिवाय, हातानं करायची आहे. कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशयं कोमट क्षारजलात, थर्मासमधून येतात. त्यांच्यावरच्या बारीक फुगवट्यांतून सुईनं द्रव ओढून घ्यायचा. त्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या अंडपेशी सापडतात. दिवसभर त्या इनक्युबेटरमध्ये पिकवायच्या. मग विकराच्या थेंबात त्यांचं बाहेरचं कवच विरघळवायचं. एका रसायनानं गुणसूत्रं असलेली बाजू जरा उंचवट्यासारखी वर येते. सूक्ष्मदर्शकाखाली बघत, बारीक पात्यानं तेवढाच तुकडा छाटायचा. हात किंचित हलला तर पेशी गेली. अशा रिकाम्या झालेल्या दोन अंडपेशींच्या मध्ये कातडीची एक पेशी चिकटवायची आणि क्षणभर विजेचा झटका द्यायचा. तिन्ही एकजीव होतात. आठवडाभरात जे भ्रूण नीट वाढलेलं दिसतं, ते माजाचं चक्र जुळवून घेतलेल्या म्हशीच्या गर्भाशयात सोडायचं. पुढे दहा महिने वाट बघायची.

मामा रंगून ऐकत होते. शाळेत पेशीचं चित्र फळ्यावर काढण्यात त्यांची हयात गेली होती. "मग अडतं कुठे?"

अडतं ते कातडीच्या पेशीच्या सवयीवर. त्या पेशीत अख्ख्या म्हशीची जनुकं असतात, पण कातडी होण्यासाठी लागतात तेवढीच चालू आणि बाकीची बंद. अंडपेशीला काही तासांत ती सगळी कुलपं उघडून पेशीला पुन्हा पहिल्या दिवसावर आणावं लागतं. नैसर्गिक फलनात शुक्रपेशी आणि अंडपेशी त्यासाठी आधीपासून तयार होऊन आलेल्या असतात. इथे ते काम बहुतेक वेळा अर्धवट राहतं. त्याचा पहिला फटका बसतो वारेला. वार नीट रुजत नाही, कधी तिच्यात बेसुमार पाणी साचतं, कधी गर्भ वाजवीपेक्षा मोठा होतो आणि पोट फाडून काढावा लागतो. गाईंवरच्या अभ्यासांत असं दिसलंय, की एक-दोन महिन्यांना गाभण ठरलेल्या क्लोन गर्भांतले कितीतरी पुढे टिकतच नाहीत. नेहमीची गाय गाभडते त्याच्या अनेक पटींनी हे प्रमाण जास्त.

"डॉलीचे आकडे तुम्ही वर्गात शिकवले असतील," भाची म्हणाली. "स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत इयान विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांनी २७७ अंडपेशींमध्ये पेशी जोडल्या. त्यातून २९ भ्रूणं मिळाली, ती १३ मेंढ्यांत सोडली, आणि ५ जुलै १९९६ ला एक कोकरू जन्मलं. बाकीच्या बारा मेंढ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. दक्षिण कोरियात २००५ मध्ये स्नपी हा पहिला क्लोन कुत्रा झाला, त्यासाठी हजारावर भ्रूणं १२३ कुत्र्यांच्या पोटात सोडली होती. दोन पिल्लं जन्मली, त्यातलं एक तीन आठवड्यांनी गेलं. आता अमेरिकेत पन्नास हजार डॉलर भरले की लाडक्या कुत्र्याचा क्लोन करून मिळतो. मालकाला हातात एक पिल्लू दिसतं. मागची रांग दिसत नाही."

"डॉलीसुद्धा अकाली म्हातारी होऊन मेली, नाही का?"

"ते खरं नाही." इथे भाचीनं स्वतःच्याच बाजूचा एक मुद्दा काढून टाकला. डॉलीला फेब्रुवारी २००३ मध्ये वेदनारहित मरण दिलं गेलं, ते फुप्फुसातल्या गाठींमुळे. तो रोग विषाणूमुळे होतो, साध्या मेंढ्यांनाही होतो. डॉली ज्या पेशींपासून झाली, त्याच पेशींपासून पुढे केलेल्या चार मेंढ्या नॉटिंगहॅम विद्यापीठात होत्या. २०१६ मध्ये त्यांची तपासणी झाली तेव्हा त्या वयाच्या मानानं धडधाकट निघाल्या. "जो क्लोन जन्माच्या आसपासचे दिवस काढतो, तो बहुधा नीट जगतो. त्याची पुढची पिढी तर सर्वसाधारणच असते. माझी तक्रार जगलेल्यांबद्दल नाही."

मामांनी लगेच तोच धागा पकडला. कर्नालला फेब्रुवारी २००९ मध्ये झालेली पहिली पारडी, समरूपा, आठवड्याच्या आत न्युमोनियानं गेली. जूनमध्ये झालेली गरिमा दोन वर्षं जगली. ऑगस्ट २०१० मध्ये जन्मलेली दुसरी गरिमा वयात आली, गाभण राहिली आणि जानेवारी २०१३ मध्ये व्याली. तिच्या पारडीचं नाव महिमा. "चार वर्षांत एवढा पल्ला. शास्त्र असंच पुढे जातं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्ये टेस्ट ट्यूब बेबी केली, जगात पहिली झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांनी. सरकारी समितीनं त्यांना खोटं पाडलं. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. आज गल्लोगल्ली तसली केंद्रं आहेत. तेव्हाही लोक म्हणत होते, निसर्गात ढवळाढवळ कशाला."

"मी निसर्गाचं नाव काढलंय का? निसर्गात म्हैस दिवसातून दोनदा पिळली जात नाही. फरक दुसराच आहे, मामा. मुखोपाध्यायांकडे गेलेल्या बाईला मूल हवं होतं. जोखीम तिची आणि इच्छाही तिचीच. इथे जोखीम घेणाऱ्या म्हशीला कुणी विचारलं?"

"कृत्रिम रेतनाला तरी कुठे विचारतो? तूच हातमोजा चढवून हात घालतेस. भ्रूण प्रत्यारोपण करतेस, तेव्हा त्या म्हशीची सही घेतेस?"

हा घाव वर्मी लागला, हे भाचीनं कबूल केलं. जनावराची संमती हा शब्द पुढे करून ती वाद जिंकू शकत नव्हती, कारण तिचा सगळा व्यवसायच संमतीविना चालणारा. मग तिनं मुद्दा बदलून मांडला. संमती मिळत नाही म्हणूनच माणसानं हिशेब जास्त कडक ठेवायचा. किती म्हशींना किती त्रास, किती गर्भ पडणार आणि त्या बदल्यात जे मिळणार ते दुसऱ्या सोप्या वाटेनं मिळतं का, हे तीन रकाने भरायचे. रेतनात त्रास काही मिनिटांचा आणि लाभ उघड. क्लोनिंगमध्ये पहिला रकाना भरगच्च आणि तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो, मिळतं' असं.

याच प्रश्नावर सरकारंही दोन दिशांना गेली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जानेवारी २००८ मध्ये गाई, डुकरं आणि शेळ्या यांच्या क्लोनचं दूध-मांस नेहमीच्याइतकंच सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संसदेनं सप्टेंबर २०१५ मध्ये शेतीच्या जनावरांच्या क्लोनिंगवर बंदीच्या बाजूनं मोठ्या बहुमतानं मत दिलं. तिथे आक्षेप होता तो मुख्यतः जनावरांच्या हालांवर.

"दुसरी वाट मिळते म्हणतेस, ती दाखव," मामा म्हणाले.

भाचीनं फलटण दाखवलं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ या लहानखुऱ्या मेंढीतलं जुळी कोकरं देणारं एक जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. क्लोन करून नाही. संकर करायचा, रक्त तपासायचं, ज्यांच्यात जनुक उतरलंय त्यांनाच पुढे धरायचं, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या. धनगरांच्या कळपांत त्या मेंढ्या गेल्या, जुळी देऊ लागल्या, आणि बाकी सगळ्या बाबतीत एकमेकींपेक्षा वेगळ्याच राहिल्या. "तुम्ही म्हशीची एक नक्कल मागता. समजा, सगळ्या तालुक्यानं तीच मागितली. तुमच्या वर्गातल्या पन्नास पोरांनी एकाच हुशार पोराचा पेपर उतरवला, तर त्या वर्षी निकाल झकास लागतो. पुढच्या वर्षी प्रश्न बदलले की सगळे एकदम नापास. लाळ्या-खुरकूत असो की नवा कुठला विषाणू, तो प्रश्न बदलूनच येतो."

मामांनी आयुष्यभर कॉपी पकडली होती, त्यामुळे त्यांना हसू आलं. पण ते मागे हटले नाहीत. "एकाच वळूच्या हजारो रेतमात्रा गावोगाव जातात, तेव्हा काय होतं? बायफ संस्थेनं उरुळी कांचनहून दारोदार रेतन नेलं, तेव्हा कुणी म्हणालं का, सगळ्यांना एकच बाप कशाला?"

"म्हणायला हवं होतं थोडं. पण तिथे बाप एक असला तरी आया वेगळ्या. प्रत्येक वासरात पत्ते नव्यानं पिसले जातात. क्लोनमध्ये पिसणंच नाही."

"मग बापाचाच क्लोन कर. हिसारच्या म्हैस संशोधन केंद्रात डिसेंबर २०१५ मध्ये हिसार-गौरव नावाचा क्लोन रेडा झाला. तसा एक उत्तम रेडा परत मिळवायचा, त्याच्या कांड्या भरायच्या आणि वेगवेगळ्या म्हशींना द्यायच्या. त्रास झालाच तर चार म्हशींना, फायदा हजारोंना. आणि तू म्हणालीस तसं क्लोनची पोरं धडधाकट."

या मुद्द्यापुढे भाची थबकली. तिच्या मते क्लोनिंगच्या बाजूनं गोठ्यातला सर्वात भक्कम युक्तिवाद हाच आहे. देशात चांगल्या, पारख झालेल्या रेड्यांची टंचाई आहे, हेही खरं. ती एवढंच म्हणाली, की मेलेला चांगला रेडा परत आणण्यापेक्षा त्याच्याहून सरस मुलगा निवडणं हेच पशुपैदाशीचं काम. क्लोन आपल्याला कालच्या सर्वोत्तमापर्यंत नेतो, त्याच्या पुढे नाही.

मग मामांनी तिला विचारलं, की सरसकट बंदी घातली तर तिला आनंद होईल का. ती नाही म्हणाली, आणि वादाची सगळी मांडणीच बदलली.

अमेरिकेत काळ्या पायांचं फेरेट नावाचा मुंगसाएवढा प्राणी आहे. आज जगात जेवढे आहेत, ते जवळपास सगळे सात पूर्वजांचे वंशज. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयानं गोठवून ठेवल्या होत्या. विला त्या सातांत नव्हती. १० डिसेंबर २०२० ला तिचा क्लोन जन्मला, एलिझाबेथ ॲन. पुढे विलाच्याच आणखी एका क्लोनला, अँटोनियाला, २०२४ मध्ये पिल्लं झाली. सातांच्या वंशात आठवं रक्त आलं. "इथे क्लोननं विविधता वाढवली. ती वाट दुसऱ्या कुठल्याच मार्गानं उघडत नव्हती," भाची म्हणाली.

पण रानातल्या जनावरांचे सगळे क्लोन असे नसतात, हेही तिनंच सांगितलं. आपल्या दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात दिसतो त्या गव्याचा क्लोन जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेत एका साध्या गाईच्या पोटी जन्मला. नाव नोआ. दोन दिवसांत हगवणीनं मेला. स्पेनमधली बुकार्दो ही रानबकरीची उपजात २००० मध्ये संपली, शेवटच्या मादीच्या पेशींतून २००३ मध्ये पिल्लू जन्माला घातलं, ते फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांत गेलं. छत्तीसगडच्या उदंती अभयारण्यातल्या आशा या वन्य म्हशीचा क्लोन म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये कर्नालला दीपाशा जन्मली. ती नवा रायपूरच्या जंगल सफारीत बंदिस्त वाढली आणि ती वन्य म्हशीपेक्षा मुर्राह या पाळीव जातीसारखी दिसते, अशी शंका वन्यजीव अभ्यासकांनी घेतली. उदंतीतली शिकार, आक्रमणं, गावातल्या म्हशींशी होणारा संकर यांतलं काहीच एका क्लोननं कमी होणार नव्हतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "त्या विलाचा क्लोन कुणाच्या पोटात वाढला?"

"पाळीव फेरेटच्या."

"म्हणजे रानातली जात वाचवायला पाळीव फेरेटचं पोट वापरलेलं चालतं, आणि माझ्या पोटापाण्यासाठी म्हशीचं पोट वापरलेलं चालत नाही. तुझ्या हिशेबात त्रास सोसणारीचा रकाना पहिला होता ना? तिला काय फरक पडतो, आत कोण वाढतंय त्यानं?"

भाचीकडे याचं पुरतं उत्तर नव्हतं आणि तिनं तसा आवही आणला नाही. पोट वाहणाऱ्या मादीला खरंच काही फरक पडत नाही. फरक माणसाच्या कारणात आहे. एका ठिकाणी पर्याय संपलेले, दुसऱ्या ठिकाणी पर्याय लांबचे. मामांचं म्हणणं, लांबचा पर्याय त्यांनी सात वेतं वापरून बघितला.

तरीही एका गोष्टीवर दोघांचं जमलं. पेशींना घाई नसते. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये कर्ट नावाचं प्रझेवाल्स्की जातीचं रानघोड्याचं शिंगरू जन्मलं, ते १९८० मध्ये गोठवलेल्या पेशींपासून. म्हणजे क्लोन आज करायचा की नाही, हा वाद पुढच्या पिढीवर सोडता येतो. आज हवा फक्त म्हशीच्या कानाच्या कडेचा भाताच्या शिताएवढा तुकडा. प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवायच्या आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून द्यायच्या. कान बधिर केला की म्हशीला बिल्ला मारण्यापेक्षा जास्त कळत नाही.

"पण माझ्या म्हशीच्या कुपीवर मी लिहिणार, क्लोनसाठी," मामांनी अट घातली.

"लिहा. माझीही एक अट. एकटीचा नाही घ्यायचा. गावातल्या दहा म्हशींचा घ्यायचा, नात्यातल्या नसलेल्या."

मामांनी वही काढली. पहिल्या ओळीत स्वतःच्या म्हशीचं नाव लिहिलं. भाची नावं सांगत गेली. चौथ्या नावावर मामांचं पेन थांबलं. "ही? ही चार लिटरसुद्धा देत नाही गं. शिवाय शिंग मोडकं."

"२०१३ च्या दुष्काळात हिची आई छावणीत होती ना? तेव्हा किती देत होती?"

"तीन," मामा म्हणाले. "पण रोज देत होती. आमच्या तेव्हाच्या म्हशी तर आटल्या होत्या." आणि त्यांनी नाव लिहून घेतलं.